कराडचा लोखंडवाला कुड्याच्या लेण्यात कसा पोचला?

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर कुडे नावाची लेणी आहेत. डोंगरात खोदलेली सव्वीस लेणी, खाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी अरबी समुद्र. त्यातल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. त्यात म्हटलंय की हे लेणं करहाकडच्या लोहवाणिय महिकाने दान दिलं. लोहवाणिय म्हणजे लोखंडाचा व्यापारी आणि करहाकड म्हणजे आपलं कराड. हा लेख कोरला त्याला आज सुमारे अठराशे वर्षं झाली.

कराडच्या सगळ्या इतिहासात मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. कराडला शिलाहार राजे होऊन गेले, राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याचा इसवी सन 959 मधला ताम्रपट इथे सापडला, पंतप्रतिनिधींचा कोट तर आजही आहे. पण या सगळ्यांत बोलतो तो राजा किंवा सरदार. कुड्याच्या लेखात एक बाजारातला माणूस स्वतःचं नाव, धंदा आणि गाव सांगत उभा आहे, तोही सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राच्या तोंडावर. लोखंड विकून माणूस डोंगरात लेणं खोदून देण्याइतका सधन कसा होतो? आणि त्याला दान द्यायला खाडीकाठचीच जागा का सुचते? ही उत्तरं शोधायला आधी कराडच्या मातीत शिरावं लागतं आणि मग घाट उतरावा लागतो.

गावाखालचं गाव

प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी उभं राहून गावाकडे पाहिलं की कराड नदीपेक्षा किती उंचावर आहे ते लगेच लक्षात येतं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि त्यांच्या बेचक्यात उंच काठावर जुनं गाव बसलंय. ही उंची काही अंशी निसर्गाने दिलेली, काही अंशी माणसांनी राहून राहून वाढवलेली.

जुनं गाव उंच होत जातं त्यात गूढ काही नाही. मातीची भिंत पावसात बसते, आगीत पडते. माणसं ढिगारा उचलून लांब नेत नाहीत, तिथंच चोपतात आणि वर नवी जमीन सारवतात. चुलीची राख, शेण, हाडं, फुटकी मडकी, धान्याचा कोंडा, सगळं घराभोवतीच पडतं. एका पिढीत चार बोटं वाढ झाली तरी हजार वर्षांत तिथे टेकाड उभं राहतं. सातारा-सांगलीकडे कृष्णाकाठच्या जुन्या गावांना अशी पांढर असते. आजूबाजूची शेतं काळीभोर आणि मधेच राखट, भुरकट मातीचा उंचवटा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि कुजलेला कचरा मुरला की मातीचा रंगच फिरतो. पावसाळ्यानंतर पांढरीच्या कडेला नदीने किंवा ओढ्याने काप काढला असेल तर त्यात थर स्पष्ट दिसतात, आणि असा काप वाचायला विद्यापीठातली पदवी लागत नाही. डोळा सरावला की पुरे.

वरून खाली पाहत यायचं. आधी कौलाचे तुकडे, काच, अलीकडच्या विटा. खाली मातीची पातळ, कठीण, सरळ रेघ दिसली तर ती सारवलेली जमीन. तिच्यावर काळा पट्टा असेल तर चूल किंवा आग. वरच्या थरातून खालच्या थरात घुसलेला मऊ मातीचा गोल भाग म्हणजे कधीतरी खणलेला खड्डा: धान्याचं पेव, कचऱ्याची खाच किंवा खालच्या भिंतीच्या विटा काढायला मारलेलं भगदाड. हे खड्डे ओळखणं फार महत्त्वाचं, कारण त्यांतून वरची वस्तू खालच्या थरात जाऊन बसते आणि कालगणना फसते. सातवाहनांच्या काळच्या विटा आजच्या विटेपेक्षा कितीतरी मोठ्या आणि जड असतात. पुढच्या शतकांत लोकांनी त्या उपसून आपल्या घरांना लावल्या, त्यामुळे अनेक टेकाडांत जुनी भिंत शिल्लक नसते. उरते ती भिंत जिथे होती तिथली पोकळी, आणि तिच्यात नंतर भरलेली माती.

सगळ्यांत खात्रीचा साक्षीदार खापर. सोनं माणूस वितळवतो, लोखंड गंजतं, लाकूड कुजतं, पण भाजलेली माती टिकते. फुटलं की कुणी उचलत नाही, म्हणून जिथे फुटलं तिथेच राहतं. सातवाहन काळाच्या थरांत काळी-तांबडी खापरं सापडतात. वाडगा आतून काळा कुळकुळीत आणि काठापासून खाली बाहेरून तांबडा. कुंभार भांडं भट्टीत पालथं रचायचा. बाहेरच्या बाजूला हवा लागायची, तिथे मातीतलं लोह लाल व्हायचं. आतली बाजू भुशात, पाल्यात दबलेली, तिथे हवा नाही, धूर मात्र भरपूर, म्हणून ती काळी. असं एक खापर हातात घेतलं की हा कुंभार आपल्या काळाच्या कुठे बसतो याचा अंदाज येतो, आणि शेजारी सापडलेलं नाणं, मणी, शंखाची बांगडी यांचाही.

अशा टेकाडाला कोट कशासाठी? आज कराडला जो पंताचा कोट दिसतो, कोयनेवर झुकलेले बुरूज आणि आतली प्रचंड पायऱ्यांची नकट्या रावळाची विहीर, तो मध्ययुगाचा आणि नंतरचा वारसा. पण नदीकाठच्या बाजाराला तट घालायची रीत त्याच्याही खूप आधीची. विदर्भात वैनगंगेच्या काठी पवनीला गेलात तर दोन हजार वर्षांपूर्वीचा मातीचा तट आणि त्याबाहेरचा खंदक आजही पाहायला मिळतो. 1969-70 मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तटाच्या आसऱ्याने वाढलेली बौद्ध स्तूपांची मोठी वस्ती उजेडात आली. तट म्हटला की आपल्याला लढाई आठवते. मला वाटतं, त्या काळच्या व्यापारी गावात तटाचं रोजचं काम निराळं होतं. गावात शिरायच्या वाटा दोन-तीनच ठेवल्या की जकात चुकवता येत नाही. रात्री बैल आणि गोण्या आत घेता येतात. पुराचं पाणी वस्तीत शिरायला अडतं. व्यापाऱ्याला जिथे माल चार महिने साठवायचा असतो तिथे त्याला दाराला अडसर असलेलं गाव हवं असतं.

आणि चार महिने साठवावा लागायचाच. ते पुढे येईल.

भारहुतच्या कठड्यावर कराडकर

महिकाच्याही आधी कराडची नोंद एका अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळते. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत इथे एक बौद्ध स्तूप होता. अलेक्झांडर कनिंगहॅमला तो 1873 मध्ये सापडला. त्याचा नक्षीदार दगडी कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा कठडा कुणा एका राजाने बांधलेला नाही. गावोगावच्या लोकांनी खांब, आडवे दगड, उष्णीष म्हणजे कठड्यावरचा माथ्याचा दगड, असे एकेक भाग दान दिले आणि त्यावर आपलं नाव कोरून घेतलं. विदिशा, पाटलिपुत्र, कौशांबी, नाशिक, भोगवर्धन म्हणजे भोकरदन, आणि त्यांच्यासोबत करहकट. एका लेखात तर माणसाचं नावच नाही. तिथे लिहिलंय, ‘करहकट-निगमस दान’. कराडच्या निगमाचं दान.

निगम म्हणजे बाजारपेठेचं गाव, किंवा त्या गावातल्या व्यापाऱ्यांचा संघ. इथे क्षणभर थांबायला हवं. कराडपासून भारहुत सरळ रेघेत मोजलं तरी हजारेक किलोमीटर. मधे गोदावरी, तापी, नर्मदा, सातपुडा आणि विंध्य. एवढ्या लांबच्या स्तूपाला कराडच्या बाजाराने सामाईक दान पाठवलं. याचा अर्थ कराडला तेव्हा सामाईक पैसा गोळा करणारी, हिशेब ठेवणारी, गावाच्या नावाने व्यवहार करणारी संस्था होती. आणि भारहुतवरून जाणाऱ्या वाटेवर कराडच्या माणसांचं येणं-जाणं होतं. नाहीतर तिथे कठड्याचं काम चाललंय हे इथे कळणार कसं? शिवाय कराडच्या काही लोकांनी वैयक्तिक दानंही दिली आहेत, खांबावर तसं कोरलेलं आहे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटकाचं नाव येतं, ते आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. मला विचाराल तर निगमाची ही ओळ त्याहून वजनदार आहे, कारण ती कराडकरांनी स्वतः कोरून घेतली.

स्तूपाला आणि लेण्याला व्यापारी एवढं दान का देत? पुण्य हे कारण होतंच, ते हलकं समजू नये. पण विहार हे वाटेवरचे मुक्कामही होते. भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत, तिथे पाणी असे, निवारा असे, दूरच्या गावांच्या बातम्या असत. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात जखिणवाडीच्या वर साठेक लेणी खोदलेली आहेत. बहुतेक साधी, नक्षी फारशी नाही, खोल्या आणि दगडी ओटे. वरून सगळं कृष्णा-कोयनेचं खोरं नजरेत येतं. एवढ्या भिक्षूंना रोजची भिक्षा घालणारं गाव खाली असल्याशिवाय डोंगरात साठ लेणी होत नाहीत. शिरवळ, वाईजवळचं लोहारे, पाटण, महाडजवळचं गांधारपाले, कुडे असे ठिपके नकाशावर जोडत गेलात तर घाटवाटांची चित्रं आपोआप उमटतात.

पाऊस, बैल आणि जहाज

आता समुद्र. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने आपल्यासारख्यांसाठी एक टिपणवही लिहून ठेवली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे खडक आहेत, राजा कोण, असा रोखठोक मजकूर. पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर त्यात बरुगाझा, म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं त्यात दिलं आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून भरपूर साधं कापड, तलम कापडही, गाड्यांवर घालून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात, असंही तो लिहितो.

भडोचला उतरणाऱ्या मालाची त्याची यादी वाचण्यासारखी आहे: इटलीचं मद्य, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी. जाणाऱ्या मालात हस्तिदंत, अकीक, सुती कापड, सूत, पिंपळी, सुगंधी मुळं. यातल्या शिशाकडे नीट पाहा. रोमन लेखक प्लिनी स्पष्ट म्हणतो की भारताकडे तांबं आणि शिसं नाही, ते लोक रत्नं आणि मोती देऊन हे धातू घेतात. प्लिनीचं म्हणणं शब्दशः खरं नाही, आपल्या देशात दोन्ही धातूंच्या खाणी होत्या. पण धातू मोठ्या प्रमाणावर आयात होत होता हे यादीवरून उघड आहे. आणि आपल्या शेजारी, कोल्हापुरात, त्याच काळात विळिवायकुर, शिवलकुर अशा नावांच्या राजांनी शिशाची जाडजूड नाणी पाडली. त्यांवर ताणलेलं धनुष्य आणि त्यात बाण. कराडच्या बाजारात ही नाणी खुळखुळली असणार. गल्लीतल्या सुट्या पैशात समुद्रापलीकडचा धातू असण्याची शक्यता मला सोन्याच्या रोमन मोहरांपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

लोखंड मात्र त्या आयातीच्या यादीत नाही. ते इथलंच. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे, त्यात लोह भरपूर. महाबळेश्वर आणि कोयनेच्या वरच्या अंगाला धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत जांभ्यातून लोखंड गाळत होते. मातीची उभी भट्टी, तळाशी भात्याची मातीची नळी, जंगलातला कोळसा, आणि एका बाजूने बाहेर वाहणारी काळी मळी. कोयनेच्या उगमाकडे कच्चा माल आणि जळण, मुखाशी कराडचा बाजार. महिकाने ‘लोहवाणिय’ ही ओळख का मिरवली असेल ते या भूगोलावरून पटतं. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खिळे, गाडीची धाव, लेणी खोदायची छिन्नी, हे सगळं कुणीतरी घाऊक विकत होतं. नांगर आणि जहाज दोन्हीकडे ज्याची गरज लागते असा हा माल.

हे जायचं कसं? बैलाच्या पाठीवर. लादलेल्या बैलावर शंभर-सव्वाशे किलो ओझं आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर मजल. कराडहून कोयनेच्या काठाने पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली उतरून चिपळूण. किंवा उत्तरेला वाईकडे जाऊन पारघाटाने पोलादपूर-महाड आणि पुढे मांदाडची खाडी. मांदाड म्हणजे कुडे लेण्यांच्या पायथ्याचं गाव. पेरिप्लसमध्ये कल्याणच्या दक्षिणेला जी छोटी बंदरं मोजली आहेत त्यात चौलनंतर ‘मंदगोर’ येतं, आणि अनेक अभ्यासक ते मांदाडच मानतात.

यातलं सगळ्यात सुंदर गणित पावसाचं आहे. इजिप्तमधून जहाजं जुलैत निघत, कारण अरबी समुद्रावर नैऋत्य वारा तेव्हाच मागून ढकलतो. आपल्या किनाऱ्याला ती पाऊस ओसरताना, भाद्रपद-अश्विनात लागत. परतीला ईशान्येचा वारा हवा, तो मार्गशीर्ष-पौषात मिळतो. म्हणजे परदेशी व्यापाऱ्याच्या हातात खरेदीला तीनेक महिने. इकडे घाटमाथ्यावर काय चाललेलं असतं? ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत कोयनेच्या खोऱ्यात धो धो पाऊस, घाट बंद, बैल बांधलेले, माल कोटाच्या आत कोठारात. दसऱ्याला पाऊस उघडतो, वाटा वाळतात, तांडे निघतात. घाट उघडण्याची वेळ आणि जहाजं खरेदीला थांबलेली असण्याची वेळ एकच. कुणी ठरवून जुळवलेलं नाही, एकाच पावसाने दोन्ही टोकं बांधली. चार महिने माल साठवायला तटबंद गाव का लागत होतं, तेही इथे समजतं.

राजकारणाचा अडथळाही होता. पेरिप्लस सांगतो की कल्याण हे आधी चालतं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे नाकेबंदी झाली. चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. गुजरात-माळव्याचे क्षत्रप आणि दख्खनचे सातवाहन यांच्यातल्या झगड्याचा हा परिणाम. मोठ्या बंदराची दारं लागली की व्यापार थांबत नाही, शेजारच्या लहान खाड्या शोधतो. मांदाडसारख्या जागा त्यामुळेच वर आल्या असाव्यात असं माझं मत आहे. कुड्याच्या लेखांत शेठ आहेत, वैद्य आहे, माळी आहे, तिथल्या महाभोज घराण्यातली माणसं आहेत आणि आपला कराडचा लोखंडवाला आहे. एखाद्या गजबजलेल्या बंदरगावात राहणारी-वावरणारी ही माणसं वाटतात.

कोल्हापूरचा समुद्रदेव

कराडपासून दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठी, कोल्हापुरातलं ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. तिथे 1944-45 च्या सुमारास प्रा. कुंदनगार यांनी आणि त्यानंतर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. तिथल्या कांस्य वस्तूंच्या साठ्यात पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन समुद्रदेवाची, हातात मावेल एवढी मूर्ती मिळाली. केस-दाढीची वळणं, अंगाचे स्नायू, वजन एका पायावर घेऊन उभं राहण्याची ढब, सगळं भूमध्य समुद्राकडचं. त्याच साठ्यात रोमन घडणीची सुरई आणि आरसा होता, आणि सोबत इथल्याच कारागिरांनी घडवलेली हत्तीवर स्वार बसलेली मूर्तीही. पोसायडनची मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. सांगली-कराडच्या मंडळींनी अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर अर्धा तास काढून ती पाहावीच.

मूर्ती पाहिली की लोक सरळ म्हणतात, ‘म्हणजे इथे रोमन लोक राहत होते!’ इथे सावध व्हायला हवं. कराड-कोल्हापूरचा गूळ गुजरातेत घरोघरी खाल्ला जातो, म्हणून प्रत्येक गुजराती घरातलं कुणी कराडला येऊन गेलेलं नसतं. मधे गुऱ्हाळवाला, आडत्या, ट्रकवाला, तिथला व्यापारी आणि दुकानदार असतो. प्राचीन व्यापार असाच हातोहात चालायचा. अलेक्झांड्रियाचा व्यापारी तांबड्या समुद्रावरच्या जहाजमालकाला ओळखायचा, जहाजाचा माणूस बंदरातल्या शेठला, शेठ घाटावरच्या महिकाला, महिक आणि त्याच्यासारखे पुढच्या तांडेवाल्याला. दोन टोकांची माणसं एकमेकांना कधी दिसत नसत. प्रत्येक हाताला आपला नफा, प्रत्येक नाक्यावर जकात. रोमन सरकार तर इजिप्तच्या हद्दीत येणाऱ्या पूर्वेकडच्या मालावर चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस टक्के कर घ्यायचं. पोसायडन कोल्हापुरात पोचला तो देव म्हणून की कांस्याचा तुकडा म्हणून, याबद्दल अभ्यासकांत मतं आहेत. इतर भांड्यांच्या साठ्यात तो मिळाला म्हणून मला तो धातूच्या व्यापाऱ्याचा माल वाटतो.

लोकांना त्या परक्या वस्तूंचं आकर्षण मात्र नक्की होतं. तेरला रोमन सम्राट तिबेरिअसच्या नाण्यांवरून केलेल्या मातीच्या नकला सापडतात, वर दोरा ओवायला कडी असलेल्या. सोन्याची मोहर परवडत नाही, तर मातीची गळ्यात घालू! त्याच तेरमधली हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्याच कुळातली एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली 1938 मध्ये निघाली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीने गाडलं गेलं, म्हणजे आपल्याकडची ती कलाकुसर त्याआधी तिथे पोचली होती. व्यापाराची ही दिशा आपण विसरतो. इथून तिकडे गेलेलं बहुतेक कापड, मसाला आणि लाकूड होतं. ते कुजतं, म्हणून आपल्या खात्यात पुरावा कमी दिसतो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराचं उत्खनन झालं तेव्हा कोरड्या वाळूने हेही टिकवून ठेवलेलं आढळलं. एका देवळाच्या आवारात भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी तशीच होती, आणि घरांना सागाची लाकडं वापरलेली होती.

खापराबाबतीतही एक धडा मिळाला तो सांगायलाच हवा. भूमध्य समुद्राकडून मद्य उंच, दोन कानांच्या, खाली निमुळत्या मातीच्या कुंभांतून यायचं. त्यांना अँफोरा म्हणतात. दख्खनमध्ये नेवासा, तेर अशा ठिकाणी तशी खापरं सापडली आणि पन्नास-साठ वर्षं त्या सगळ्यांना ‘रोमन’ म्हटलं गेलं. नंतर रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने ती खापरं पुन्हा तपासली. इटलीतल्या नेपल्सकडच्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी चकचकीत वाळू असते. तशी वाळू असलेले तुकडे निराळे काढले तर उरलेल्यांत कितीतरी तुकड्यांना कान नव्हते आणि आतून डांबराचा लेप होता. हे कुंभ रोमचे नव्हतेच, ते इराण-इराकच्या आखाताकडचे होते, आणि त्यातले बरेच नंतरच्या काळातले. म्हणजे रोमचा व्यापार ओसरल्यावर दख्खन एकटी पडली, हे जे आपण पुस्तकात वाचतो ते अर्धवट आहे. ग्राहक बदलला, व्यापार चालू राहिला. आणि हे उलगडलं ते खापराच्या आतल्या, कुणी घासून न धुतलेल्या बाजूवरून.

उत्तरेकडचा धागा कराडजवळच मिळाला आहे. एकोणिसाव्या शतकात कराड परिसरात पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नखाएवढं, दोन-सव्वादोन ग्रॅमचं नाणं. पुढच्या बाजूला मिशाळ राजाचा चेहरा, त्याच्या डोक्यामागे शक वर्ष आकड्यांत, आणि कडेने ग्रीक अक्षरांची माळ. पण ही अक्षरं वाचता येत नाहीत. पहिल्या राजांच्या नाण्यांवर ती खरी ग्रीक होती, पुढे ठसे कोरणाऱ्यांना भाषा कळेनाशी झाली आणि अक्षरांची नुसती नक्षी उरली. तरी ती काढली नाहीत, कारण बाजाराला नाणं ओळखीचं दिसावं लागतं. मागच्या बाजूला मात्र ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव स्पष्ट. गुजरातेत पाडलेलं हे नाणं दख्खनच्या मुलखात, सह्याद्रीच्या कुशीत कुणीतरी पुरून ठेवलं. राजे एकमेकांशी लढत होते आणि त्यांचा पैसा एकमेकांच्या बाजारात फिरत होता.

आज हे सगळं आपल्या पायाखाली आहे आणि झपाट्याने जातं आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकतात, धाब्यावर घालतात. नदीकाठचा पोयटा वीटभट्टीला जातो. पुराच्या पाण्याने दरडी कोसळतात, गावठाणात नवी घरं पाया खोल घेतात. यातली बहुतेक कामं गरजेची आहेत, त्यांना थांबवा म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही. पण पाया खणताना काही निघालं तर पुढची दहा मिनिटं फार मोलाची असतात. वस्तू लगेच उपसू नका. आधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. जमिनीपासून किती खोल आहे ते मोजा, कुठल्या रंगाच्या थरात आहे ते लिहा. खापर ब्रशने घासू नका, आतला लेप आणि खरकटं तपासता येतं. नाणी लिंबू-चिंचेने चकचकीत करू नका, अक्षरं जातात. पुरलेला ठेवा मिळाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसील कार्यालयातूनही ते होतं, आणि पुढे पुरातत्त्व विभाग पाहतो. लपवून विकलेल्या नाण्याला भाव मिळेल, पण ते कुठे, कशासोबत, किती खोल सापडलं हे त्याच्यासोबत कायमचं नाहीसं होतं.

आणि कोयनेच्या वरच्या अंगाला, पाटण-जावळीच्या रानात, काळे, जड, बुडबुड्यांनी भरलेले, वितळून गोठल्यासारखे दगड पायाला लागले तर त्यांना ठोकरून पुढे जाऊ नका. ती लोखंडाची मळी असते. बहुतेक ढीग धावडांच्या अलीकडच्या भट्ट्यांचे निघतील. पण मळीत अडकलेल्या कोळशाच्या कणावरून भट्टी कधी पेटली होती ते प्रयोगशाळेत काढता येतं. ढीग कुठे आहे याची नोंद करून, एक तुकडाही न हलवता, ती जवळच्या संग्रहालयात किंवा पुरातत्त्व विभागाकडे पोचवा. महिकाच्या काळची एक जरी भट्टी हाती लागली, तर कुड्याच्या लेखातल्या लोखंडाचा पत्ता कराडच्याही वर, थेट डोंगरात सांगता येईल.